नानांना चक्कर येते

शनिवारी नानांच्या कारखान्याच्या शेडला सुट्टी असते, म्हणून त्यांच्यासाठी बॅटरीवरची गाडी बघायला जायचा शनिवार ठरला. सकाळी नऊच्या सुमारास हर्षालीने मोजायची टेप काढली आणि घरभर मापं घेत फिरू लागली. फाटक, मधलं दार, बाथरूमचं दार, पोर्चचा उतार. सावळीराम नाना पोर्चमधल्या खुर्चीत बसून मांडीवरच्या वहीत मापं लिहून घेत होते. उजवा हात त्यांचा पहिल्यासारखाच चालायचा. डावी बाजू मात्र सहा वर्षांपूर्वी लकव्याने गेली, ती अर्धीमुर्धीच परत आली.

"अठ्ठावीस इंच," आतून हर्षाली म्हणाली.

"अठ्ठावीस नाय. चौकटीची पट्टी सोडून धर. सव्वासत्तावीस भरंल."

हर्षालीने पुन्हा टेप धरली. सव्वासत्तावीसच भरलं. सासरा आणि सून दोघं हसली, आणि स्वयंपाकघरात सासूच्या, प्रतिभाबाईंच्या, हातची पोळी एका बाजूला जाड राहिली.

महिनाभर हेच चाललं होतं. संध्याकाळी सून शेडमधून आली की चहाचा कप घेऊन नानांच्या पलंगाशी बसायची आणि मोबाइलवर त्या बॅटरीवरच्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवायची. एका मोबाइलवर दोन डोकी. प्रतिभाबाई गोळी आणि पाणी घेऊन बाजूला उभ्या राहायच्या, आणि नाना वर न बघता नुसता हात पुढे करायचे. हर्षालीचा मेकॅनिकलचा डिप्लोमा होता. नानांच्या मुलाशी, शेखरशी, लग्न झाल्यावर ती शेडच्या ऑफिसात ड्रॉइंग बघायला लागली, आणि तेव्हापासून सासऱ्याशी तिचं बोलणं संपत नसे.

प्रतिभाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. शेड त्यांनी पाहिली होती ती फक्त दसऱ्याला, मशीनच्या पूजेला. नाना अठराव्या वर्षी दिंडोरीकडच्या खेड्यातून सातपूरच्या कारखान्यात हेल्पर म्हणून आले, पुढे एक जुनं लेथ घेऊन भाड्याच्या गाळ्यात बसले आणि होता होता बावीस मशीनची शेड उभी केली. त्या सगळ्या वर्षांत ते सकाळी सातला घर सोडत, रात्री जेवायला येत आणि जेवताना फोनवर असत. मुलांच्या शाळा, लग्नं, घराचा रंग, सगळं शेडमध्ये ठरून घरी यायचं. मग लकवा झाला, आणि लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर नवरा प्रतिभाबाईंच्या वाट्याला आला.

असं त्यांनी कुणाजवळ कधी बोलून दाखवलं नसतं. पण तसंच होतं. उठायचं तर नानांना त्यांचा खांदा लागे, चार पावलं चालायचं तर त्यांचा हात. डॉक्टर त्यांच्याशी बोलत. ज्या दिरांनी जन्मात कधी वहिनीची खुशाली विचारली नव्हती, ते आता त्यांच्या मोबाइलवर फोन करून नाना कसे आहेत ते विचारत, आणि प्रतिभाबाई सावकाश, सविस्तर सांगत.

दहाला निकिता सटाण्याहून आली. नानांची ही लेक तिकडे कांद्याच्या व्यापाऱ्यांच्या घरात दिली होती. दिवाळीत तिनेच मोटारच्या खुर्चीचं काढलं होतं, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. आता वहिनीने काढल्यावर सगळं घर निघालं, हे तिला लागलं होतं. ती सरळ आईजवळ स्वयंपाकघरात शिरली आणि तुला कुणी विचारलं तरी का, म्हणून चौकशी करू लागली.

"मला काय कळतं त्यातलं," प्रतिभाबाई म्हणाल्या.

"कळायचंय काय त्यात? ते गेले कुठे, आले कधी, हे आता तुला दुसऱ्यांनी सांगायचं. बघ बाई."

निकिता बोलून गेली आणि चहा गाळायला लागली. प्रतिभाबाईंच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

शरणपूर रोडवरचं ते दुकान सर्जिकलच्या सामानाचं होतं. पुढे वॉकर, काठ्या, पलंग, कमोडच्या खुर्च्या, आणि मागे ओळीने तीन गाड्या. दुकानाचा मालक किशोर गोड बोलणारा होता, पण पाल्हाळ लावणारा नव्हता. त्याने तिन्ही गाड्या दाखवल्या. एक तीन चाकी, छोटी, जागच्या जागी वळणारी. दुसरी चार चाकी, बसकी आणि जड. तिसरी घडी होणारी, मोटारीच्या डिकीत मावणारी. शेखरला ती घडीची आवडली. कुठेही जायचं तर आपण नानांना घेऊन जाऊ, असं तो म्हणाला. हर्षालीचा जीव तीन चाकीवर होता, कारण घराच्या पॅसेजमध्ये दुसरी वळणार नव्हती. निकिताचं म्हणणं, घ्यायची तर चार चाकी घ्या, छोट्या गाडीवर नाना बरे दिसणार नाहीत.

नानांनी कुणाचंच ऐकून घेतलं नाही. प्रतिभाबाईंच्या खांद्यावर हात टाकून ते प्रत्येक गाडीभोवती फिरले. किशोरला चार चाकी कलती करायला लावून खालची मोटार बघितली. हात सोडला की आपोआप ब्रेक लागतो, असं किशोर म्हणाला. चढावर पण लागतो का, ते त्यांनी विचारलं. बॅटरी मध्येच संपली तर काय, ते विचारलं. मागचा एक दांडा खाली केला की मोटार सुटते आणि गाडी ढकलत नेता येते, हे किशोरने दाखवलं. नानांनी ते पुन्हा एकदा दाखवायला लावलं. मग त्यांनी प्रतिभाबाईंच्या खांद्यावरचा हात काढला, गाडीच्या सीटवर टेकवला, वाकले, आणि चौकटीच्या वेल्डिंगवरून बोट फिरवलं.

"हीच घ्यायची," ते म्हणाले. "माझा झोक डावीकडं जातो. तीन चाकीला वळणावर डावीकडं आधारच नाय, पालथी व्हईल. पॅसेजमधे नाय वळत तर नको वळू दे. रिव्हर्स हाय ना."

हर्षाली म्हणाली, "बरोबर आहे नाना, माझ्या डोक्यातच आलं नाही." ती हरली होती आणि खूश होती. निकिताही खूश होती, कारण गाडी तिची ठरली होती. प्रतिभाबाई जवळच्या कमोडच्या खुर्चीवर बसल्या. सहा महिन्यांत मिळून नाना त्यांच्याशी एवढे बोलले नव्हते. वेल्डिंगच्या त्या टाक्यावर त्यांचं बोट ज्या मायेने फिरलं होतं, ते प्रतिभाबाईंना बघवेना. लोखंडावर जळायचं म्हणजे काय, आपल्या वयाला हे शोभतं का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. जळायचं काही थांबलं नाही.

चालवून बघायला गाडी दुकानामागच्या गल्लीत आणली. हँडलखाली उजव्या अंगठ्याने दाबायचा खटका होता. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासवाचं चित्र होतं, दुसऱ्या टोकाला सशाचं. किशोरने बटण कासवावर ठेवलं. प्रतिभाबाई सवयीने नानांच्या पाठीवर हात ठेवून बाजूने चालायला लागल्या.

"सोड," नाना म्हणाले.

त्यांनी हात काढला आणि गाडी पुढे गेली. आधी बिचकत, मग सरळ. गल्लीच्या टोकाला एक टेम्पो उभा होता. गाडी त्याच्यामागे वळली आणि दिसेनाशी झाली. शेखर पुढे धावायला निघाला, पण हर्षालीने त्याचा दंड धरला, येतील म्हणाली. प्रतिभाबाई जागेवर उभ्या राहिल्या. दिवसाउजेडी नाना असे नजरेआड झाल्याला सहा वर्षं झाली होती.

टेम्पोच्या दुसऱ्या बाजूने नाना आले तेव्हा बटण सशाकडे सरकलेलं होतं. कपाळाला घाम, कान लाल, तोंडभर हसू. ते आले आणि नेमके हर्षालीसमोर थांबले.

"सोमवारी शेडमधे येतो," ते तिला म्हणाले. "तुझी ती नवी मशीन बघायचीय मला."

आत येऊन किशोर बिल करायला बसला. पेन उघडता उघडता त्याने विचारलं, हे सगळ्यांनाच विचारावं लागतं, पेशंटला फिट वगैरे येते का, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी? तसं असेल तर तो गाडी देत नव्हता. रस्त्यावर एकटा माणूस, काही झालं तर कोण धरणार.

सगळ्यांनी प्रतिभाबाईंकडे पाहिलं. असं काही विचारायचं झालं की सगळे त्यांच्याचकडे बघत.

"चक्कर येते यांना," प्रतिभाबाई म्हणाल्या. "सकाळी उठताना. या महिन्यात दोन-तीनदा आली. तुम्हाला उगाच घोर नको, म्हणून बोलले नव्हते."

इतकं सहज आपल्याला कसं जमलं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. निकिताने कपाळाला हात लावला. हर्षाली नानांकडे वळली.

"नाना? येते चक्कर?"

नाना अजून गाडीवरच बसले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि किती वेळ पाहिलं ते प्रतिभाबाईंना नंतर सांगता आलं नसतं. मग त्यांनी खटक्यावरचा अंगठा काढला.

"येते," ते म्हणाले. "कधी कधी."

किशोरने पेन मिटलं. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग बघू, असं तो नम्रपणे म्हणाला.

परतताना मोटारीत निकिताच तेवढी बोलत होती. व्हिडिओ बघून माणसं रस्त्यावर सोडायची नसतात, असं ती खिडकीकडे बघून म्हणाली, ते कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी आईला गळामिठी घालून ती सटाण्याला गेली. शेखर संध्याकाळी पिंपळगावची द्राक्षं घेऊन आला आणि ओट्याशी उभा राहून निवडू लागला. हा मुलगा एरवी स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा येत नसे.

"बरं झालं आई, तू बोललीस," तो म्हणाला. "नाना रोज शेडमधे येऊन बसले असते, तर कामगारांनी माझं ऐकलं असतं का?"

हसतच म्हणाला. पण निवडून झालेला घडच तो पुन्हा निवडत होता, ते बघून प्रतिभाबाईंना कळलं की यात हसण्यासारखं काही नाही. ज्या कोपऱ्यात आपण एकट्याच आहोत असं त्यांना वाटत होतं, तिथे मुलगा आधीपासून उभा होता. ही सोबत त्यांना आवडली नाही.

हर्षालीने डॉक्टरांची वेळ घेतली होती. नाना जायला नको म्हणाले. कशाला, म्हणाले, येतेच की चक्कर. संध्याकाळी सून चहा घेऊन यायची, कप ठेवायची, दोन मिनिटं बसायची आणि उठून जायची. मोबाइल पिशवीतून निघत नसे. आणि नानांनी काही मागणंच सोडलं. आधी दिवसभर त्यांच्या हाका चालायच्या, पाणी दे, खिडकी उघड, चष्मा कुठंय. आता जिथे बसवलं तिथे ते बसून राहत. पंखा लावायचा राहिला तर घामाने भिजत, पण बोलत नसत. नवरा अख्खा प्रतिभाबाईंचा झाला होता, कुणाचा वाटा उरला नव्हता, आणि चार दिवसांत त्यांना घर खायला उठलं.

गुरुवारी सकाळी त्या नानांच्या डाव्या पायाला तेल चोळत होत्या. शेखर आणि हर्षाली शेडला गेली होती.

"मी हो का म्हनलो, माहितीये?" नाना म्हणाले.

प्रतिभाबाईंचा हात थांबला.

"दुकानदारासमोर तुला खोटं पाडायचं नव्हतं. अन् म्हनलं, घाबरली असशील. मी टेम्पोमागं गेलो ना, तवा. जिवाच्या भीतीनं बोलली असशील."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. काळजीपोटी बोललेलं खोटं कुणीही पोटात घातलं असतं. प्रतिभाबाईंनी वाटीतलं तेल तळहातावर घेतलं आणि ते तसंच ठेवलं.

"घाबरले नव्हते," त्या म्हणाल्या. "राग आला होता मला."

"कुणाचा?"

"हर्षालीचा. त्या गाडीचा. तुमचा. तेहतीस वर्षं तुम्ही शेडमधे होता. मला मिळालात ते लकवा झाल्यावर. आता बरे होऊन परत तिकडेच निघालात, आणि आधी तिच्यासमोर जाऊन उभे राहिलात."

नाना भिंतीकडे वळले.

"म्हंजी मी असाच पडलेला बरा," ते म्हणाले.

नाही म्हणायला प्रतिभाबाईंनी तोंड उघडलं. पण खोटं एकदा बोलून झालं होतं. "वाटलंय मला तसं," त्या म्हणाल्या. "रोज नाही. पण वाटलंय."

नानांनी उजव्या हाताने आपला डावा पाय धरला, बायकोच्या मांडीवरून उचलला आणि फरशीवर ठेवला. त्याला वेळ लागला. प्रतिभाबाई मदतीला गेल्या नाहीत.

"मला शेडमधे जायचंय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि विनवणीही नव्हती. "तिथं मला कोणी विचारो न विचारो. जायचंय."

प्रतिभाबाईंनी साबणाने दोनदा हात धुतले, शेजारच्या कुसाबाईंना नानांजवळ बसवलं आणि नाक्यावरून रिक्षा केली. शेडमध्ये शिरल्या तेव्हा मशीनच्या आवाजाने त्यांना काही सुचेना. दसऱ्याला सगळं बंद असतं, झेंडूचे हार असतात. चालू शेड त्या पहिल्यांदाच बघत होत्या. तेहतीस वर्षं नवऱ्याच्या कपड्यांना जो वास यायचा, तो इथे सगळीकडे होता.

ऑफिसच्या काचेमागे हर्षाली आणि शेखर होते. प्रतिभाबाई बसल्या नाहीत. त्या दिवशी दुकानात आपण खोटं बोललो, असं त्यांनी उभ्यानेच सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," हर्षाली म्हणाली. "नाना दोनदा शिंकले तरी तुम्ही मला इथे फोन करता, आई. चक्कर आली असती तर दहा फोन आले असते."

"मग बोलली का नाहीस?"

"नानांनी तुमची बाजू घेतली. खोटी आहे हे माहीत असून घेतली." हर्षालीने समोरच्या ड्रॉइंगची कड उगाच सरळ केली. "एवढं आम्ही बोलतो, हसतो. पण ते माझ्यासाठी असं कधी करणार नाहीत."

तिच्या आवाजात जे होतं ते प्रतिभाबाईंनी लगेच ओळखलं. इतके दिवस ते फक्त आपल्यातच आहे असं त्या समजत होत्या.

शेखर मध्ये पडला. एवढी घाई कशाला, म्हणाला, या रस्त्यावर ट्रक किती, पावसाळा होऊन जाऊ दे, मग बघू. प्रतिभाबाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं.

"शेखर, ते रोज आले तर तुझी जागा जाईल असं वाटतंय ना तुला?" त्या म्हणाल्या. "मलाही तसंच वाटलं होतं. मी खोटं बोलले, तू द्राक्षं आणलीस. आता दोघांनी मिळून त्यांना कोंडून ठेवायचं का?"

शेखरचे कान लाल झाले. तो उठून मशीनकडे निघून गेला. हर्षालीने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी नानांना तपासून चिठ्ठी दिली, आणि पुढच्या बुधवारी चार चाकी घरी आली. ती घरात पॅसेजमध्ये खरंच वळत नव्हती. नाना रिव्हर्सने बाहेर यायला शिकले, त्यात चौकटीचा रंग दोनदा खरवडला गेला. शेडच्या शटरला एक पायरी होती. तिथे शेखरने जाड पत्र्याचा उतार बसवून घेतला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही. शेडला गेल्यावर नानांनी तो बघितला, त्याच्यावरून दोनदा वर-खाली केलं आणि मुलाला एवढंच म्हणाले, की ढाळ बरोबर काढलाय.

पहिल्या सोमवारी नाना नऊला निघाले. कॉलनीच्या आतल्या रस्त्याने जाईन, म्हणाले, एकला जाईन, जेवायला दीडला घरी येईन. बायकोशी ते त्या गुरुवारनंतर बेताचंच बोलत होते. प्रतिभाबाईंनी फाटक लावलं. दहाला घर आवरून झालं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर येऊ लागलं, की आता नाना पोचले असतील, हर्षालीने नवी मशीन दाखवली असेल, दोघं वाकून काहीतरी बघत असतील. खरं बोलल्याने जळणं थांबतं असं थोडंच आहे. साडेदहाला त्यांनी नाक्यावरून कोथिंबीर आणावी म्हणून घराला कुलूप लावलं. मोबाइल चार्जिंगला होता, तो तसाच राहिला.

नाक्यावर सिटी बस उभी होती आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती. प्रतिभाबाई चढल्या. सीबीएसच्या बसस्टँडला उतरून त्या चालत मेनरोडला गेल्या. साड्या बघितल्या, घेतली एकही नाही. कासाराच्या दुकानात त्या सहज टेकल्या आणि दोन्ही हात पुढे केले. नानांना उठवता-बसवताना टोचतात, म्हणून काचेच्या बांगड्या त्यांनी सहा वर्षांपूर्वी काढून ठेवल्या होत्या. कासारणीने हात दाबत दाबत हिरव्या बांगड्या भरल्या, हात किती राठ झालेत म्हणाली. बाहेर येऊन त्यांनी उसाचा रस घेतला, एक ग्लास संपवला आणि दुसरा मागवला. कुणाची गोळी नाही, कुणाचं पाणी नाही. घड्याळ बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

घराच्या गल्लीत वळल्या तेव्हा सव्वादोन होऊन गेले होते. फाटकाबाहेर गाडी उभी होती आणि नाना गाडीवर बसले होते. दाराला कुलूप, आणि घराची दुसरी किल्ली कुठे असते ते नानांना ठाऊक नव्हतं. चेहरा उन्हाने उतरला होता.

"पाऊन तास झाला," ते म्हणाले. "फोन लागतो, उचलत कोणी नाय. कुठं गेली व्हतीस?"

"मेनरोडला."

"मेनरोडला काय?"

प्रतिभाबाईंनी फाटकाची कडी काढली. बांगड्या वाजल्या. नानांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा हातांकडे.

"एकलीच गेली व्हतीस? का कोणी व्हतं संगं?"

एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. प्रतिभाबाईंनी पिशवीतून किल्ली काढली, कुलूप उघडलं, चपला जागेवर ठेवल्या. मागे गाडी पोर्चचा उतार चढत होती आणि नाना आतून उत्तर यायची वाट बघत होते.

"सांगते," त्या म्हणाल्या. "आधी हात धुऊन घ्या."